ओटीतला नारळ

सिद्धगड पायथा, ता. मुरबाड
२२ नोव्हेंबर २०२३

कुणाली,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देतो. आधी माझा राग ऐक.

काल मुरबाडच्या एसटी स्टँडवर शेंगदाणे घेतले. पुडीचा कागद तीन-चार दिवसांपूर्वीच्या पेपरचा होता. शेंगदाणे संपले आणि सवयीनं कागद वाचायला घेतला. ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली तीन ओळी. शहापूर तालुक्यातल्या एका रुग्णालयात नातेवाइकांकडून परिचारिकेला मारहाण, गुन्हा दाखल, पुढील तपास सुरू. बिबट्यानं शेळी नेली तर अर्धं पान येतं, शेळीच्या मालकाच्या फोटोसकट. बाईला मारलं तर तीन ओळी.

कुणी मारलं, का मारलं, तेव्हा बाकीचे काय करत होते, एक अक्षर नाही. पण मी चौतीस वर्षं शाळेत आणि चाळीस वर्षं लोकांच्या बैठकांत काढली आहेत. मला न लिहिलेलंही वाचता येतं. हा माणूस साहेबासमोर हात जोडतो, पुढाऱ्याच्या गाडीपुढे वाकतो, डॉक्टरशी बोलताना चप्पल बाहेर काढतो. त्याचा हात उठतो तो त्याच्या बापाची लघवीची पिशवी बदलणाऱ्या बाईवर. कारण ती समोर असते. बाकी सगळे कुठे ना कुठे गेलेले असतात, ती जागेवर असते. जागेवर असणं हाच तिचा गुन्हा.

हे तुमच्याकडचं आहे का? ती मुलगी तुझ्या ओळखीची असेल तर तिला माझ्या वतीनं सांग, तक्रार मागे घेऊ नकोस. तिला धीर दे. आणि मला सविस्तर लिही. माझे कान गेल्यापासून फोन म्हणजे नुसता खोका आहे, हे तुला माहीत आहे. पत्रच लिही.

दिवाळीला आली नाहीस. मामीनं तुझ्या वाटणीचे नागलीचे पापड डब्यात ठेवलेत आणि रोज डब्याकडे बघून मला बोलते.

आता आशीर्वाद.

राघोमामा

*

शहापूर तालुका
२७ नोव्हेंबर २०२३

मामा, नमस्कार.

ज्या मुलीला धीर द्यायला तुम्ही सांगितलंत, ती मीच आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. तिला मी घसरून पडले असं कळवलंय.

सतरा तारखेला दुपारी चारच्या सुमाराला एका म्हाताऱ्या बाबांना टेम्पोतून आणलं. खळ्यावर भात झोडताना कोसळले होते. वाटेतच गेले होते, मामा. मला हात लावताच कळलं. ईसीजीची पट्टी काढली, तीही सरळ आली. पण माणूस मेला हे सांगायचा अधिकार नर्सला नाही. ते डॉक्टरनंच सांगायचं. आमच्याकडे डॉक्टरांच्या दोन जागा, एक दोन वर्षं रिकामी. दुसरे साहेब साक्षीसाठी शहापूरला कोर्टात गेले होते. फोनवर म्हणाले, मी निघालो, येईपर्यंत छाती दाबणं चालू ठेवा.

म्हणून मी आणि मालू, आमच्या वॉर्डातली दुसरी नर्स, आळीपाळीनं छाती दाबत राहिलो. पस्तीस मिनिटं. जो माणूस गेलाय हे आम्हाला माहीत होतं, त्याची. त्यांचा मुलगा दर पाच मिनिटांनी विचारायचा, बाबा कसे आहेत. मी दर वेळी म्हणायचे, डॉक्टर येतायत. दुसरं काही बोलायची मला परवानगी नव्हती आणि खोटं बोलायची इच्छा नव्हती. मग बरोबरच्या कुणीतरी म्हटलं, "आरं, मेलेल्याला कुटतायत ह्या." आणि मुलानं मला मारलं. उघड्या हातानं, डाव्या कानावर. मी औषधांच्या ट्रॉलीवर पडले. मग सलाईनचा स्टँड फेकला, तो मालूच्या पायाला लागला. आठ पुरुष वॉर्डात होते. दोघे मोबाइलवर शूटिंग करत होते. वॉचमनची जागाही रिकामीच आहे.

वीस मिनिटांनी साहेब आले. त्यांनी तपासलं आणि बाबा गेल्याचं सांगितलं. त्याच आठ जणांनी त्यांना हात जोडले.

त्यानंतर मीच काचा गोळा केल्या. बाबांचे डोळे मिटले, हनुवटी बांधली, हातातली सुई काढली, अंग पुसलं. पाळी माझीच होती ना.

कानाचा पडदा फाटलाय. बीपी घेताना नळी उजव्या कानाच्या भरवशावर लावते. आणि शुक्रवारीच ऑफिसातून नोटीस आली. मारणाऱ्याला नाही, मला. नातेवाइकांशी सुसंवाद राखण्यात आपण कमी पडलात का, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

चौकीत तक्रार दिली आहे. स्वरूप म्हणतो, बदली घे. नवरा म्हणून त्याची काळजी खरी आहे, पण मी बदली कशाला घेऊ? मारणाऱ्यानं घ्यावी.

त्याचं नाव-गाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तुम्ही काठी टेकत त्यांच्या खळ्यावर जाऊन उभे राहाल आणि सगळा गाव भाषण ऐकायला जमेल. मला भाषण नको, मामा. मला केस हवी आहे.

पापड ठेवा. मी येईन.

कुणाली

*

सिद्धगड पायथा
२ डिसेंबर २०२३

कुणाली, माझ्या पोरी,

तुझं पत्र मी मामीला वाचून दाखवलं. ती उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती.

त्या नोटिशीला खुलासा देऊ नकोस, सवाल दे. डॉक्टरची दुसरी जागा दोन वर्षं रिकामी का? वॉचमन कुठे आहे? मेलेल्या माणसाच्या छातीवर पस्तीस मिनिटं दोन बायकांना उभं करायचं, त्यांच्या तोंडाला कुलूप घालायचं, आणि मग सुसंवाद विचारायचा? सरकारनं स्वतःची गैरहजेरी झाकायला तुला दारात उभं केलं आणि लोकांनी सरकारचा राग तुझ्या कानावर काढला. दोघांनी मिळून मारलंय तुला. एकानं हातानं, दुसऱ्यानं कागदानं. दवाखान्यात हात उचलणाऱ्यासाठी कायदा आहे, तुमच्या दारावर त्याचा बोर्डही असेल. तो बोर्ड नुसता गंजायला लावलेला नाही हे त्यांना दाखव. मागे हटू नकोस. कुणी गोड बोलेल, कुणी गावाची अब्रू सांगेल. हटू नकोस.

तू नाव लिहिलं नाहीस ते बरंच केलंस. मला ओळखतेस.

इकडची एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुला जरा बरं वाटेल. सगळीच माणसं अशी नसतात. मंगळवारी, तुझं पत्र यायच्या तीन दिवस आधी, तुमच्याच तालुक्यातल्या बोरमाळचे दोघे वडीलधारे माझ्याकडे आले होते. त्यांच्या गावातल्या एका पोराचं कुणा सरकारी बाईशी वाजलं होतं. ग्रामसेविका नाहीतर तलाठी असेल. पोराच्या घरी दुखवटा, त्यात हे झालं, म्हणून घरच्यांना लाज वाटत होती. मास्तर, कसं मिटवायचं, म्हणाले. मी म्हटलं, रीत तुम्हाला माहीत आहे. घरच्या सुवासिनीनं जाऊन त्या बाईची ओटी भरायची. तांदूळ, खण, हळकुंड, नारळ. नारळ फुटला, भांडण मिटलं.

बारकीचं प्रकरण तुला आठवत असेल. तू तेव्हा सात-आठ वर्षांची होतीस, इथेच सुट्टीला होतीस. विहिरीच्या पाळीवरून दीरानं तिला मारलं होतं, केस कोर्टात गेली होती. मी बैठक घेतली, जावेनं ओटी भरली, मी नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. तू दोन तुकडे मागून घेतलेस. केस मागे घेतली गेली. तेव्हापासून दोन्ही तालुक्यांत ती राघो मास्तरांची रीत म्हणून चालते. ते दोघे समाधानानं गेले. अजून माणसांना लाज आहे, हे बघून मलाही समाधान वाटलं.

तुझ्यावर हात टाकणाऱ्याच्या घरात मात्र लाजेचा कण दिसत नाही.

कानात पाणी जाऊ देऊ नकोस.

राघोमामा

*

शहापूर तालुका
९ डिसेंबर २०२३

मामा,

तुमचं पत्र परवा, गुरुवारी आलं. मंगळवारीच माझी ओटी भरून झाली होती.

मारणाऱ्याचं नाव मनोज. वाशिंदला कंपनीत आहे. जे बाबा गेले ते नथूबाबा. गाव बोरमाळ.

सकाळी अकराला, ओपीडीची गर्दी असताना ते आले. मनोजची बायको माधुरी पुढे. सातवा महिना आहे तिला. सासू दाराबाहेर थांबली, अठरा दिवसांपूर्वी कुंकू पुसलेली बाई ओटीच्या कामाला आत कशी येईल? माधुरीच्या हातात ताट होतं. मी म्हटलं, हे काय, मला नको. ती रडायला लागली. "सिस्टर, नाय म्हणू नका गो. पोटुशीच्या हातची ओटी कुणी मागारी लावतं का?"

मामा, मी बारा वर्षं नर्स आहे आणि तेहतीस वर्षं आईची मुलगी आहे. सात महिन्यांच्या बाईचं ताट परत पाठवायचं माझ्या हातून झालं नाही. युनिफॉर्मला पदर नसतो. मी अॅप्रनचा सोगा पुढे धरला. तिनं तांदूळ घातले, खण, हळकुंड, सुपारी, वर नारळ. मी मान वर केली तेव्हा तिच्या मागे मनोज मोबाइल धरून फोटो काढत होता. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारपर्यंत फोटो सगळीकडे गेला. खाली लिहिलं होतं, सिस्टरनी मोठ्या मनानं माफ केलं, वाद मिटला. संध्याकाळी अधीक्षक साहेबांनी बोलावून पेढा दिला. टाइप केलेला कागद तयारच होता. आमच्यात गैरसमज झाला होता, तो आता दूर झाला आहे. साहेब म्हणाले, नोटीसही मागे घेतो, सोमवारी अठराला चौकीत जाऊन सही करा. तिथेच बसलेले चौकीतले जमादार म्हणाले, "ओटी घेतली ना सिस्टर, मग आता कसली केस?" मग हसून विचारलं, "राघो मास्तर तुमचेच मामा ना? त्यांनीच सांगितलेली रीत हाये म्हणतात बोरमाळवाले."

मी म्हटलं, मामा असं कधीच सांगणार नाहीत. दोन दिवसांनी तुमचं पत्र आलं.

ते मी दोनदा वाचलं. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय, मागे हटू नकोस. दुसऱ्या पानावर तुम्हीच मला मागे हटवून ठेवलंय.

कुणाशी वाजलं, काय वाजलं, बाईला लागलंय का, हे तुम्ही त्या दोघांना विचारलं नाहीत. मी नाव लिहिलं नाही ही माझी चूक. तुम्ही विचारलं नाही ही तुमची. पण ती बाई मी नसते, खरंच तलाठी असती, तर चाललं असतं का?

अठराला काय करायचं, मला कळत नाही. नारळ, तांदूळ सगळं पिशवीत बांधून ड्यूटी रूमच्या कपाटात ठेवलंय. मालू म्हणते, सही करू नकोस. बाकी सगळे म्हणतात, ओटी घेऊन सही नाकारलीस तर लोक तुला दुतोंडी म्हणतील.

कुणाली

*

सिद्धगड पायथा
१४ डिसेंबर २०२३

कुणाली,

तुझं पत्र मामीनं विचारूनही मला मोठ्यानं वाचता आलं नाही. तिच्या हातात दिलं. तिनं वाचून घडी घातली आणि म्हणाली, "बारकीला विचारा जा."

गेलो. बारकी खळ्यावर भात पाखडत होती. मी विचारलं, त्या दिवशीची ओटी तू मनातून घेतलीस का? ती हसली. मग सूप खाली ठेवलं आणि माझ्या कानाशी येऊन एवढ्या मोठ्यानं बोलली की साऱ्या आळीनं ऐकलं. "मास्तर, ती ओटी तुमी घेतली. मी नुसता पदर धरला." तिनं मनगट पुढे केलं. दीरानं मारलेलं, वाकडं बसलेलं. पंचवीस वर्षं मी त्या हातानं ओतलेला चहा पितोय. मनगटाकडे कधी पाहिलं नव्हतं.

मी आजवर चौदा भांडणांत नारळ फोडले. घरी येऊन एकेक आठवलं. त्यातले अकरा नारळ मार खाल्लेल्या बाईच्या ओटीत होते. आणि अकराही वेळा ओटी भरणारी बाईच होती. मारायचं पुरुषानं, हात पसरायचा त्याच्या बायकोनं, पदर धरायचा मार खाल्लेलीनं, आणि टाळी घ्यायची मी. मी याला माणुसकी म्हणत होतो. दोन भाऊ बांधावरून भांडले, तर ही रीत चांगली आहे. हात चालवणाऱ्यासाठी ती पळवाट आहे आणि ती मी बांधून दिली.

काल बोरमाळला गेलो. बारकी म्हणाली, मी येते. किन्हवलीला गाडी बदलून दुपारी पोचलो. लोक जमले, त्यांना वाटलं मास्तर भाषण करणार. मी पाच मिनिटंसुद्धा बोललो नाही. म्हटलं, ही रीत माझी होती, ती मी आज मोडली. बाईवर हात टाकला तर राघोच्या नावानं नारळ फोडायचा नाही. सिस्टर माझी भाची आहे म्हणून सांगत नाही. तिच्या जागी कुणीही असती तरी हेच सांगायला हवं होतं, आणि ते मी पंचवीस वर्षं सांगितलं नाही.

मनोज उभा राहिला. पोर वाईट दिसत नाही, हेच जास्त वाईट. म्हणाला, "मास्तर, बा मेला माजा. ती खरं बोलली नाय. डॉक्टर येतायत, डॉक्टर येतायत." मी विचारलं, तिनं खरं सांगितलं असतं तर तुझा हात खाली राहिला असता? मागून त्याची आई बोलली. बारकीनं मला ते कानात परत सांगितलं. "माज्या धन्याचे डोळे त्या पोरीनं मिटले. यानं जिच्या कानाखाली मारली, तिनंच."

मनोज खाली बसला. माफी मागितली नाही. मी मागायला लावली नाही. लावलेली माफी मी पुष्कळ पाहिली आहे.

निघताना, माझ्याकडे आलेल्या त्या दोघांपैकी एका वडीलधाऱ्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, मास्तर, तुमच्या भाचीनं नारळ फोडला नसेल तर रीत पुरी झालेली नाही, तेवढ्यावर सुटेल ती. कुणाली, ही वाट घेऊ नकोस. नारळ फुटला नाही म्हणून केस राहिली, असं झालं तर पुढच्या बाईचा नारळ ते तिच्या समोरच फोडतील. ओटी घेतली तरी, नारळ फुटला तरी, खोबरं खाल्लं तरी, मार तो मारच.

सोबत माझा जबाब आहे, सहीचा. त्या दोघांना सल्ला मी दिला, न विचारता दिला, आणि त्याला समझोता म्हणता येणार नाही, असं लिहिलंय. बारकीचा अंगठा साक्षीला आहे. मी स्वतः येणार होतो. मामी म्हणाली, तुम्ही गेलात तर ती केस पोरीची राहणार नाही, तुमची होईल. या बाईनं चाळीस वर्षं माझी भाषणं ऐकली, आणि एका वाक्यात मला घरी बसवलं.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागून मिळत नाही, हे काल शिकलो.

राघोमामा

*

शहापूर तालुका
१९ डिसेंबर २०२३

मामा,

जबाब शनिवारी मिळाला. तुमचं पत्र मी मालूला आणि आमच्या सारिका सिस्टरना वाचून दाखवलं. सारिका सिस्टरना पाच वर्षांपूर्वी एका नातेवाइकानं जिन्यावरून ढकललं होतं. त्यांना साडी मिळाली होती. ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी ड्यूटी रूममध्ये आम्ही नारळ फोडला. सारिका सिस्टरनी उंबऱ्यावर आपटला, एका दणक्यात. पाणी मालूला दिलं, तिच्या पायाची जखम अजून पुरती भरलेली नाही. खोबरं सगळ्या पाळ्यांना वाटलं, वॉर्डातल्या दोन बाळंतिणींनासुद्धा. गोड होता. ओटीच्या तांदळाचा घरी भात केला. स्वरूप जेवला. मग म्हणाला, बदलीचा अर्ज फाडून टाकू का? मी म्हटलं, मी लिहिलाच कुठे होता? तो म्हणाला, मी लिहून ठेवला होता तुझ्या नावानं. फाडला त्यानं.

काल पाळी संपल्यावर आम्ही नऊ जणी चौकीत गेलो, युनिफॉर्मवरच. जमादारांनी समझोत्याचा कागद पुढे सरकवला. मी त्यावर पिशवी ठेवली. ते विचारू लागले, हे काय? मी सांगितलं, ही ओटी. तक्रार मागे घ्यावी म्हणून मला आणून दिली, ड्यूटीवर असताना, फोटो काढायला आरोपी स्वतः हजर. पंचनामा करा. आणि तुमचा जबाब वर ठेवला.

ते हात लावेनात. म्हणाले, "सिस्टर, ओटीचा कुठं पंचनामा करतात का? देवाधर्माची वस्तू हाये ती." मालू म्हणाली, नर्सच्या कानाखाली मारतात, त्याचा करता ना, मग हिचाही करा. आम्ही उभ्या राहिलो. त्यांनी वर फोन लावला. फोनवर काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, ते माझ्या डाव्या बाजूला होते. पण फोन ठेवल्यावर त्यांनी वही ओढली.

पिशवीतल्या करवंट्या पाहून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, म्हणजे फोडला की! मग मिटलं. मास्तरांचीच रीत, नारळ फुटला, भांडण मिटलं. मी म्हटलं, मास्तरांचा जबाब तुमच्या हातात आहे, तो वाचा. त्यांनी वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवत. अंगठ्यापाशी आल्यावर विचारलं, ही बारकी कोण? मी सांगितलं, जिचा नारळ पहिला फुटला ती.

मग ते एकेक वस्तू लिहीत गेले. खण एक, हिरवा. हळकुंड एक. सुपारी एक. तांदूळ? मी म्हटलं, शिजवून खाल्ले, लिहा. त्यांनी लिहिलं. शेवटी मी म्हटलं, वाचून दाखवा, उजव्या बाजूला येऊन. ते खुर्चीवरून उठले आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले.

"नारळ एक, फोडलेला. तक्रार कायम."

मी सही केली आणि पोच मागून घेतली.

रविवारी येतेय. पापड तळून ठेवायला सांगा.

कुणाली